मांस कुणी काढायचं

मी संशयी माणूस आहे. बायको म्हणते, कुणी ‘बसा’ म्हटलं तरी मी आधी खुर्चीकडे बघतो. बघतोच. माझ्या वडिलांना गावातले लोक ‘बसा’ म्हणायचे आणि खाली पोतं टाकायचे.

पालीच्या पुढं माळावर जखमी जनावरांचं एक केंद्र आहे. पत्र्याच्या दोन शेड, जाळीचे पिंजरे, एक हौद. जमीन अण्णांची. गावातलं मोठं घराणं, पण हरणाच्या पाडसाला स्वतः बाटलीनं दूध पाजणारा माणूस. मी गुरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला, म्हणून सगळे मला डॉक्टर म्हणतात. रविवारी आम्ही पाच-सहा जण जमतो, पिंजरे धुतो, कुणा मोराचा पंख बांधतो आणि मग एकाच ताटातली भेळ खातो. सुरुवातीला त्या भेळेवरही माझं लक्ष असायचं. अण्णा माझ्या बाजूचा घास घेतात का? घ्यायचे. हळूहळू मी सैल झालो.

मग कपिलधारच्या डोंगराखाली कुणाला तरी एक गिधाड सापडलं. उपाशी, पंख ओढत चालणारं. वनखात्याला कळवून आम्ही ते ठेवून घेतलं. पण कोंबडीला ते चोच लावेना. मेलेल्या चारपायी जनावराचं मांस मिळालं नाही तर ते जगणार नव्हतं, हे मला दिसत होतं.

अण्णांचा फोन आला. “डॉक्टर, शेजारच्या गावात एकाची म्हैस मेलीय. तेवढं मांस काढून आना.”

“मीच कावून, अण्णा?”

“आवं, तुमाला म्हाईतच हाय की सगळं.”

मनात पाल चुकचुकली. काय सगळं? औषधांबद्दल म्हणत असतील तर बरोबर होतं. दुखणं थांबवायची काही इंजेक्शनं अशी असतात, की ती टोचलेलं जनावर गिधाडानं खाल्लं तर त्याच्या किडन्या निकामी होतात. ते तपासायला मीच हवा. पण माहीत असलेलं आणखीही एक सगळं होतं. माझ्या आजोबांनी गावची मेलेली ढोरं ओढली. बुद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी ते काम टाकलं. टाकलं म्हणून गावानं त्यांची मजुरी तोडली, किराणा तोडला. तरी ते पुन्हा त्या कामाला गेले नाहीत. आणि मी जायचं?

बायको म्हणाली, “मुळीच जायचं नाही.” मी गेलो. पक्षी मरायला टेकला होता.

म्हशीच्या मानेवर सुई टोचल्यावर येते तशी ताजी गाठ होती. मालक म्हणाला, “सुई-बिई काय बी दिली न्हाई, डॉक्टर.” त्याची सून दारातूनच बोलली, “काल दोन टोचल्या की, मामा.” मालकानं तिच्याकडं असं बघितलं, की मला पुढं काही विचारावं लागलं नाही. मी तसाच परत फिरलो.

केंद्रावर अण्णा आणि बाकीचे टोपलं घेऊन उभे होते. मी म्हणालो, “सुया दिल्यात. चालणार नाही.”

अण्णांनी माझ्या हातांकडं बघितलं. हात स्वच्छ होते. ते मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “डॉक्टर, लाज वाटत आसंल तर मोकळं सांगा. मी समजून घेईन.”

मला इतका राग आला की कानशिलं तापली. फोनवरच्या ‘सगळं’चा अर्थ आता कळला होता. वर मी खोटारडाही ठरलो होतो. म्हणालो, “बिनसुईचं जनावर मिळालं तर मी बोलावतो. पण कापायला तुम्ही यायचं. मी सोबत असेन.” ते “व्हय, व्हय” म्हणाले. त्या व्हयवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

दोनच दिवसांनी गेवराई रस्त्यावर एका धनगराची शेळी ट्रकखाली गेली. धडधाकट, कधी सुई न लागलेली. त्यानं ती देऊन टाकली. मी अण्णांना फोन केला आणि कडेच्या बाभळीखाली वाट बघत थांबलो. केंद्राची जीप आली. तिच्यातून अण्णा उतरले नाहीत. आमच्याच वस्तीतला, वीटभट्टीवर जाणारा एक जण सुरी घेऊन उतरला.

“तुमी हात नगा लावू, सायेब,” तो म्हणाला. “अण्णा म्हनले तुमाला लाज वाटती, मनून मला धाडलं.”

त्याच्यावर काय रागवायचं! मी सुरी मागून घेतली, शेळी होती तशी जीपमध्ये घातली आणि त्याला शेजारी बसवून केंद्रावर आलो. रविवारची सगळी मंडळी होती. शेळी अण्णांच्या पायापाशी ठेवली, सुरी पुढं केली.

“अण्णा, पक्षी उपाशी आहे.”

अण्णा एकदा माझ्याकडं, एकदा मंडळींकडं बघत राहिले. मग त्यांनी सुरी घेतली आणि खाली बसले. कुठं धरायचं तेही त्यांना कळत नव्हतं. “मागचा पाय घट्ट धरा,” मी म्हणालो आणि समोर बसून दुसरा पाय धरला. बाह्यांना रक्त लागलं. गिधाडानं पहिला तुकडा गिळला तेव्हा टाळ्या वाजवायचं कुणी राहिलं नाही.

हात धुऊन अण्णा पिंजऱ्याकडं गेले. माझं म्हणणं त्यांना पटलं होतं, की मंडळी बघत होती म्हणून ते बसले, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मेलेल्या जनावराचा फोन अजूनही त्यांनाच आधी येतो. पण आता ते मला विचारतात, “येता का संगं?” मी जातो, आणि सुरी कुणाच्या हातात आहे ते पोचल्याबरोबर बघतो.