दोन वेण्यांचा नियम

दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका खासगी शाळेत मी नऊ वर्षं कॉम्प्युटर शिकवला. त्यातल्या एका वर्षाबद्दल मी घरीसुद्धा कधी धड बोलले नाही.

त्या वर्षी आमच्या लॅबमधली चोवीस मशिनं एकदमच म्हातारी ठरली. ती चालू होती, पण विंडोजची नवी आवृत्ती त्यांच्यावर चढत नव्हती आणि जुनीला सुरक्षेचे अपडेट मिळणं बंद होणार होतं. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "नई मशीनें इस साल नहीं मिलेंगी. आप एक्सपर्ट हैं, कुछ कर लीजिए." मी विंडोजऐवजी लिनक्स या दुसऱ्या सिस्टिमकडे वळले. ते फुकट मिळतं आणि जुन्या मशिनवर चालतं, एवढंच ऐकून होते. पण लिनक्सचे प्रकार इतके की डोकं चक्रावून जावं. एक टाकलं तर प्रिंटर ओळखेना, दुसरं टाकलं तर आवाज गायब. तिसऱ्यात सगळं जमलं, तर हिंदीचा कीबोर्ड भलताच. इंटरनेटवर विचारलं की दहा जण दहा नावं सांगायचे आणि वर आपसातच भांडत बसायचे. मुलांच्या पुस्तकातली चित्रं तर सगळी विंडोजचीच.

या खटाटोपात मला साथ मिळाली ती माझ्याच वर्गातल्या, आठवीतल्या एका मुलीची. तिची आई नागपूरची, जवळच्याच एका हॉस्पिटलात नर्स. वडील नायजेरियाचे, कपड्यांच्या व्यापारामुळे सतत फिरतीवर. मला फोनवर बोलताना ऐकून ती एकदा म्हणाली होती, "मॅम, तुम्ही मराठी आहात? सच्ची?" तेव्हापासून मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन लॅबमध्येच यायची. कुठली सिस्टिम कुठे अडली, याची यादी तिने वहीच्या मागच्या पानावर केली होती. शेवटी जी चालली, ती तिनेच शोधली. "मॅम, ही सगळ्यात हलकी आहे. ट्राय तर करूया ना." प्रिंटरमधून पहिलं पान बाहेर आलं तेव्हा आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या.

एकदा तिने विचारलं, "मॅम, तुमचे केस असली कसे आहेत?"

मी हसून विषय टाळला. माझे केस कुरळे आहेत. या नोकरीच्या मुलाखतीत मला "बाल थोड़े नीट रखिएगा" असं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून मी रोज सकाळी ते गरम मशिनने सरळ करत होते. दुपारी घामाने कानाजवळच्या बटा परत वळायच्या. तिने ते पाहिलं असणार.

तिचे केस फार दाट, बारीक वळ्यांचे. आई रविवारची अख्खी दुपार बसून डोक्याला लागून बारीक बारीक वेण्या घालायची, त्या दोन आठवडे टिकायच्या. शाळेच्या डायरीत नियम होता: मुलींनी तेल लावून दोन वेण्या, पांढरी रिबीन. तोवर कुणी काही बोललं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये वर्गाचा फोटो निघाला आणि त्यात प्रिन्सिपल मॅडमना ती दिसली.

"ये फैशन यहाँ नहीं चलेगा. डायरी में नोट लिखिए."

मी लिहिलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या नोटनंतर तिच्या आईला बोलावलं. त्या ड्यूटीवरून थेट, युनिफॉर्मवरच आल्या होत्या. त्यांनी शांतपणे समजावलं, की हे केस मोकळे राहत नाहीत, दोन वेण्यांत मावत नाहीत, आणि ही फॅशन नाही. मॅडम म्हणाल्या, "तो स्ट्रेट करवा लीजिए. सब करवाते हैं."

तेव्हा तिच्या आई माझ्याकडे वळल्या. "ताई, तुम्ही तर तिला रोज बघता. तुम्ही तरी सांगा ना यांना."

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी टेबलावरच्या डायरीकडे बघितलं आणि हिंदीत म्हटलं, "नियम तो सबके लिए एक ही है, मैम."

त्या पर्स उचलून निघून गेल्या.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी तिचे केस केमिकलने सरळ करून घेतले. टाळूला भाजलं, फोड आले. सुट्टी संपल्यावरही ती आठवडाभर आली नाही, आणि आली तेव्हा केस अगदी कातडीपर्यंत कापलेले. कानामागे खपली होती. प्रार्थनेनंतर मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "देखा? कितनी नीट लग रही है अब." दोन वेण्यांची आठवण कुणालाच झाली नाही.

ती लॅबमध्ये यायची थांबली. मी हाक मारली, तर "जी मैम" म्हणायची. मराठी तिने माझ्याशी पुन्हा कधी काढली नाही.

जानेवारीतल्या पालकसभेत काही पालकांनी तक्रार केली, की मुलं हा कुठला वेगळाच कॉम्प्युटर शिकतायत. फेब्रुवारीत नवी मशिनं आली. विंडोज घालूनच आली. जुनी भंगारवाला टेम्पोत भरून घेऊन गेला.

मार्चमध्ये तिच्या आई दाखला न्यायला आल्या. मुलीला नागपूरला आजीकडे ठेवणार होत्या. मी सही केली आणि म्हटलं, "ताई, माझं चुकलं."

"चुकलं तर खरंच," त्या म्हणाल्या. "नियम तुम्ही बदलू शकला नसतात, ते कळतं मला. पण त्या दिवशी खोलीत माझ्या बाजूचं माणूस आहे, असं वाटलं होतं."

दाखल्याची घडी घालून त्या गेल्या. मी त्यांना दोन-तीनदा मेसेज केले. ते वाचले गेले, उत्तर आलं नाही.

पुढच्या वर्षी स्टाफ मीटिंगमध्ये मी त्या नियमाचा विषय काढला. "नोटेड," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या मुद्द्यावर गेल्या. मीही बसले.

आता मी फरीदाबादच्या एका शाळेत आहे. मुलाखतीआधी तिथल्या वेबसाइटवर मी केसांचा नियम शोधला होता. सापडला, जवळजवळ तसाच. तरी मी गेले.