माळ उतरेपर्यंत

ताई सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आली, तेव्हा मी वर्ध्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. आमचं गाव सिंदी रेल्वे स्टेशनापासून तासभर चालण्याच्या अंतरावर. सकाळची पॅसेंजर गाठायला मी अंधारातच निघायची आणि बाबा स्टेशनाच्या रस्त्याला लागेपर्यंत सोबत यायचे. त्यांना सहीपुरतं लिहिता येई, पण माझा पास कधी संपतो हे माझ्याआधी त्यांच्या लक्षात असे. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच.

ताईला आल्या दिवसापासून अन्नाचा वास सोसत नव्हता. पोटुशी बाई, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. एका रविवारी अंगणात मी तिची वेणी घालत होते. तिने मान वर केली, ऊन तिच्या तोंडावर आलं आणि तिच्या डोळ्यांतलं पांढरं मला पिवळं दिसलं. मी मायला हाक मारली. मायने वाकून पाहिलं आणि पदराचं टोक तोंडाशी धरलं.

आमच्याकडे कावीळ झाली की माळ घालत. तीन कोसांवरच्या एका गावात एक म्हातारे बाबाजी मारुतीच्या पारावर बसून ती देत. त्याबद्दल ते कोणाकडून काही घेत नसत, नारळसुद्धा नाही. कसल्याशा झुडपाच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या गाठींत ओवलेले असत. आधी ती डोक्यावर टोपीसारखी बसे. मग रोज थोडी वाढे, कानांवरून गळ्यात येई, गळ्यातून छातीवर. बेंबीला टेकली की कावीळ उतरली.

ताईला चालवत नव्हतं म्हणून माय एकटीच गेली. येताना माळ आणली आणि एका बाटलीत तांबूस रसही आणला. तो हाताला चोळून खायच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे. पाणी पिवळं झालं की तेवढी कावीळ बाहेर आली. तेलातुपाचं खायचं नाही. पडून राहायचं. दवाखान्याचं औषध पोटात जाऊ द्यायचं नाही. आणि माळ उतरेपर्यंत घरात कोणी शंका घ्यायची नाही, नाहीतर माळ आहे तिथेच थांबते आणि रोग उलटतो.

हे शेवटचं सांगताना माय माझ्याकडे पाहत होती.

"तू आइकून राह्यली ना वं?"

"मी काय केलं?"

"काई केलं नाई. करू नोको म्हणते. तुह्या कालेजातलं घरात आणू नोको."

ताई खाटेवर हसली. "तिच्या डोक्यात राह्यते कुठं काई, आणाले?" ती म्हणाली. त्या आजारात ती हसलेली मला तेवढीच आठवते.

पहिल्या दिवशी मायने ताईचे हात धुतले. परातीतलं पाणी हळदीसारखं पिवळं झालं. ते पाहून बाबांनी मारुतीच्या दिशेने हात जोडले. मीही जोडले. ते पाणी माय उकिरड्यावर नेऊन ओतू लागली आणि माझ्या मनात आलं, त्वचेतून हे असं बाहेर कसं येईल? आलेला विचार मला परत घालवता येईना. मी स्वयंपाकघरात जाऊन पाढे म्हटले. पाप करायचं नाही, हे जमतं. हात आवरता येतो, तोंड आवरता येतं. पण शंका घ्यायची नाही म्हणजे नेमकं काय आवरायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी माय विहिरीवर गेलेली पाहून मी बाटलीतला रस स्वतःच्या हाताला चोळला आणि चुन्याच्या पाण्यात हात बुडवले. पाणी पिवळं झालं. पहिल्या क्षणी मला ताईची कावीळ लागली असंच वाटलं. आरशाशी जाऊन मी डोळ्यांच्या पापण्या ताणून पाहिल्या. मग पुन्हा वाटीत चुन्याचं पाणी घेतलं आणि त्यात नुसता रस टाकला, कोणाचाही हात न लावता. तेही पाणी पिवळं झालं. प्रयोगशाळेत मी असले रंग बदलताना कितीदा पाहिले होते, वहीत लिहिले होते, त्याला गुण मिळवले होते. पण ती वाटी मी राखेने तीनदा घासून धुतली. आता मी नुसती शंका घेतली नव्हती, शंकेची खात्री करून घेतली होती. माळ थांबणार.

माळ थांबली नाही. ती गळ्यात आली, मग छातीवर आली. काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि दोरा मोकळा होतो, हे मला दिसत होतं. शेजारच्या बाया येऊन बोटांनी माप घेत आणि मायला म्हणत, "उतरून राह्यली, चांगली उतरून राह्यली." मायच्या तोंडावर इतकं समाधान असे की मी नजर दुसरीकडे वळवायची. आणि ताई मात्र पिवळी होत चालली होती. अंग खाजवून खाजवून दंडांवर ओरखडे उठले होते. मी रोज गाडीत बसून ठरवायची की आज बोलायचं. घरी येऊन माळेचं माप पाहायची आणि गप्प बसायची. न जाणो, माळ खरीच असेल तर? आज बोलले आणि उद्या ताईला काही झालं तर?

नवव्या दिवशी मी कॉलेजात गेले नाही. दुपारी ताईजवळ बसले होते. ती बराच वेळ निजूनच होती. डोळे उघडून मला म्हणाली, "म्हशीले पाणी दाखवजो, सासूबाई रागवन." आमच्याकडे म्हैस नव्हती. मी म्हटलं, "ताई, तू इथं घरी आहेस." तिने माझ्याकडे पाहिलं. मी कोण, हे तिला कळत नव्हतं. कितवा महिना आहे विचारलं तर तेही सांगता येईना.

मी शेताकडे पळाले. कापसाची वेचणी चालू होती. बाबांना धुऱ्यावर, शेताच्या बांधाशी बोलावलं आणि सगळं सांगितलं, वाटीतलं पाणी, माळेच्या गाठी, म्हैस. ते कमरेला बांधलेली कापसाची झोळी तशीच धरून ऐकत राहिले.

"पोरी, तुले पक्कं माहीत हाये?"

मला खोटं बोलता आलं असतं. "ते पाणी खोटं आहे, हे पक्कं माहीत आहे," मी म्हटलं. "बाकी काई पक्कं माहीत नाई. मले भेव लागते, बाबा."

"मलेही लागते," ते म्हणाले आणि घराकडे निघाले.

घरी येऊन त्यांनी विळा घेतला. मायने त्यांचा हात धरला. "उतरत आलीये जी माळ! दोन दिवस थांबा, तुमच्या पाया पडते."

"सोड," बाबा म्हणाले. "पाप लागलं तं मले लागन." त्यांनी आधी माळेला हात लावून तो कपाळाला लावला आणि मग ताईच्या गळ्याजवळून दोरा कापला. माझ्या बाबांचा त्या माळेवर माझ्यापेक्षा दसपट विश्वास होता. तो त्यांनी सोडला नव्हता. त्यांचा चेहरा मी पाहिला, म्हणून सांगते.

कापसाच्या मेटॅडोरमध्ये गादी टाकून आम्ही ताईला वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "कधीपासून?" माय म्हणाली, "दोन-तीन रोज झाले." मी म्हटलं, "नऊ दिवस." बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मायकडे नाही. चौथ्या दिवशी मूल मेलेलं जन्मलं. मुलगी होती. ताई पुष्कळ दिवस मरणाच्या दारात राहून वाचली. लवकर आणायला हवं होतं, एवढंच डॉक्टरीण बाई बोलल्या. माय व्हरांड्यात भिंतीशी बसून म्हणाली, "माळ तोडली, म्हणून लेकरू गेलं. हिनं शंका घेतली, ह्यायनं तोडली." दोन्ही वाक्यं बाबांनी उभ्याने ऐकली.

ताई घरी आल्यावर एका शनिवारी बाबा मला घेऊन बाबाजींकडे गेले. माळ कापली हे कबूल करून यायचं, त्याशिवाय त्यांना झोप लागत नव्हती. बाबाजी पारावर काड्या सोलत होते. बाबांनी सांगायला सुरुवात केली तसे ते माझ्याकडे पाहू लागले.

"हे का ते पोट्टी? बिनलग्नाच्या लहान लेकीले कावीळ झाली म्हणून तुमची बाई माळ घेऊन गेलती. हे तं चांगली दिसून राह्यली."

बाबा म्हणाले, "नाई जी. माळ मोठीसाठी होती. सातवा महिना होता तिले."

म्हाताऱ्याचे हात थांबले. "दोन जीवाच्या बाईले मी माळ देतच नाई," ते म्हणाले. "सीधा दवाखान्यात धाडतो. माळ न्याले येते त्या हरेकाले आधी हेच सांगतो. माही सून अशीच गेली." हातातली काडी त्यांनी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तुम्ही कापली, बरं केलं."

मला राहवलं नाही. "मग शंका घ्यायची नाई असं काऊन सांगता?"

"नाई सांगितलं तं लोक पथ्य पाळत नाईत, बाई. दोन दिवसांत उठून वावरात जातात."

इतक्या साधेपणाने त्यांनी हे सांगितलं. नऊ दिवस मी जिला भ्याले होते ती एवढीच गोष्ट होती. मला राग यायला हवा होता, पण पारावरून उतरताना मी मारुतीला हात जोडले.

अर्ध्या वाटेत बाबा म्हणाले, "आपल्याले समजलं, हे तुह्या मायले सांगू नोको."

"ती मले बोलते, बाबा. तुम्हालेही बोलते."

"बोलू दे. नाई तं ते कोणाले बोलन?"

माय आम्हाला बोलत राहिली, बाबा गेले तोवर दोघांना आणि त्यानंतर मला एकटीला. मी पदवी घेतली, बी.एड. केलं, शाळेत विज्ञान शिकवायला लागले. चुन्याच्या पाण्याचा प्रयोग मी दरवर्षी मुलांना करून दाखवते. मायला मात्र कधी दाखवला नाही. तिचं म्हणणं चूक आहे हे मला माहीत होतं. तेवढ्याच आधारावर ती उभी आहे, हेही माहीत होतं.

दोन हजार सालानंतर ताईला पुन्हा दिवस गेले. मी सुट्टीत घरी गेले तेव्हा ती आतल्या खोलीत निजली होती. मी आत जाऊ लागले तशी मायने हात आडवा केला.

"तू इथूनच पाह्यजो. या खेपेले शंका नोको," ती हळूच म्हणाली.

ताईने आतून मला हाक मारली. मी उंबऱ्याबाहेरून तिच्याशी बोलले. मायचं मन राखण्यासाठी थांबले, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. पण मायने हात खाली घेतल्यावरही मी आत गेले नव्हते.