लॉन चंपाकडे आलं ते वर्ष

रतन खरातला अर्धांगवायूचा झटका आला तो फेब्रुवारीतला गुरुवार होता. दोनच दिवसांपूर्वी त्याने मुलुंडला सामंतबाईंचं लॉन कापलं होतं आणि पुढच्या आठवड्यात खत देतो म्हणून सांगितलं होतं. ते खत राहिलं.

नलिनी सामंत निवृत्त मुख्याध्यापिका. गल्लीतले बाकीचे बंगले पाडून टॉवर उभे राहिले, त्यांचा एकटीचा बंगला उरला. पुढे हिरवंगार लॉन, मागे विहीर. बावीस वर्षं हे लॉन रतनने सांभाळलं. त्याची बायको चंपा पावसाळ्यात तण काढायला यायची, तेवढाच तिचा संबंध. पण झटक्यानंतर तीन आठवड्यांनी तीच विक्रोळीहून बस धरून बाईंच्या फाटकात आली.

"बाई, दुसरा माळी बघू नका. मी करते."

"कापणं जमेल गं तुला. खताचं काय?"

"जमवते."

चंपाला एका जागी बसणं मुळात माहीत नव्हतं. नवरा अंथरुणाला खिळल्यावर तर तिच्या पायांना उसंतच राहिली नाही. भाजी चिरता चिरता उठून त्याची उशी सरळ करायची, उशी अर्धवट सोडून दाराशी जायची, दारातून परत येऊन गॅस बघायची. गॅस बंदच असायचा.

रतनची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. मार्च अर्धा सरता सरता एखाददुसरा शब्द फुटायला लागला. चंपा युरियाची पिशवी त्याच्यासमोर घेऊन उभी राहिली.

"अहो, दोरीने तुम्ही चौकोन आखता ना, त्या एका चौकोनाला किती मुठी? एक?"

"दोन," रतन म्हणाला. अगदी स्पष्ट.

चंपाला तेवढंच हवं होतं. दुसऱ्याच दिवशी तिने लॉनवर दोरी ताणली आणि प्रत्येक चौकोनात दोन मुठी फेकत गेली. नवऱ्याला जेवण भरवायची वेळ होत आली होती म्हणून पाइपने वरवर पाणी मारलं आणि बस पकडली.

तिसऱ्या दिवशी गवताची टोकं पिवळी पडली. पाचव्या दिवशी जिथे जिथे तिची मूठ पडली होती तिथे तिथे तपकिरी डाग उठले.

सामंतबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. "चंपा, हे काय झालं?"

"जळलं, बाई. माझ्या हातून." नवऱ्याचं नाव तिने घेतलं नाही.

बाईंनी खाली उतरून डागातली एक काडी उपटून पाहिली. मग म्हणाल्या, "मुळं जिवंत असतील तर येईल परत. पाऊस संपेपर्यंत बघू."

घरी येऊन चप्पल न काढताच चंपाने नवऱ्याला विचारलं, "तुम्हीच दोन म्हणालात ना?"

"दोन," रतन म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

त्यांची मुलगी संघमित्रा लॅबमधून नुकतीच आली होती. तिने आईचा दंड धरला. "आई, आठवडाभर पप्पा सगळ्यालाच दोन म्हणतायत. चहा हवा का, दोन. पंखा लावू का, दोन. तोच एक शब्द येतोय त्यांना. मला वाटलं तुला कळलंय."

चंपाला कळलं नव्हतं. त्याच्याशेजारी सलग पाच मिनिटं ती बसलीच नव्हती.

पुढचे दहा दिवस ती रोज सकाळी मुलुंडला जात राहिली. विहिरीचा पंप लावून लॉनवर भरपूर पाणी सोडायची, जास्तीचं खत खाली मुरावं म्हणून. मेलेलं गवत लोखंडी पंज्याने ओढून काढलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही, आणि तेच तिला सोसवेना. मे महिन्यात ती डागांपाशी उकिडवी बसून बोटांनी माती चाळवायची. बाई आतून ओरडायच्या, "हात लावू नकोस गं त्याला!" ती उठायची, फाटकापर्यंत जायची, परत यायची.

जुलैत कडेच्या गवताच्या काड्या डागांत सरकू लागल्या. चंपाला वाटलं आता थोडं खत टाकावं. पण पाऊस धो धो कोसळत होता, टाकलेलं गटारात गेलं असतं. तिने हात आवरला.

गणपती झाल्यावर चार दिवस उघडीप मिळाली. तोवर रतन काठी टेकत चार पावलं टाकायला लागला होता. चंपाने रिक्षा केली आणि त्याला घेऊन आली. बाईंनी स्वतः खुर्ची आणून लॉनच्या कडेला ठेवली.

रतनने आधी डागांकडे पाहिलं, मग चंपाकडे. तिने मान खाली घातली. त्याने घमेलं मागितलं, डाव्या हाताच्या खुणेनेच. त्यात डाव्या हाताने युरियाची एक मूठ टाकली आणि मागच्या अंगणातल्या वाळूच्या ढिगाकडे बोट दाखवलं. चंपाने वाळू आणली. त्याने चार मुठी वाळू त्यात मिसळली, म्हणजे खत एका जागी न पडता सारखं पसरलं असतं. मग घमेल्यावर टिचकी मारून त्याने दोन चौकोन दाखवले, एक हा, एक तो. एवढ्यात दोन चौकोन व्हायला हवे होते. नंतर त्याने पाइपकडे बोट केलं आणि ते खाली आणलंच नाही, चंपा पाइप घेऊन पाणी सोडेपर्यंत.

"हे वाळूचं तुम्ही मागच्या मागे करायचात," चंपा म्हणाली. "मला कधी दिसलंच नाही."

त्या दिवशी लॉन पूर्ण व्हायला दुपार झाली. रतन खुर्चीतच डुलक्या घेत होता.

दसऱ्यापर्यंत डाग भरले. दोन राहिले, ते अजून आहेत. थंडीत तिने युरियाला हातच लावला नाही, नुसतं चाळलेलं शेणखत पातळ पसरलं. बाईंच्या मैत्रिणीने, नीलाताईंनी, आपलं लॉनही तिला दिलं.

चंपाचा स्वभाव काही बदलला नाही. खत दिलं की आठवडाभर ती रोज दोन्हीकडे चक्कर मारते, काम नसलं तरी. मात्र संध्याकाळी घरी आल्यावर ती रतनच्या खाटेवर बसते. त्याला आता दहाबारा शब्द येतात. एकेका शब्दाला त्याला वेळ लागतो आणि चंपाचे पाय तेवढा वेळ जमिनीवर ठेका धरून असतात, पण ती उठत नाही.