रांजणातला रेडिओ

आमच्या गल्लीचं टँकरचं पाणी माझ्या एका शब्दानं बंद झालं. शब्द होता, 'काठोकाठ'.

लातूरचा नुकताच जिल्हा झाला होता आणि जिल्ह्याच्या पाठोपाठ दुष्काळही आला होता. मी हिमायतनगरहून लग्न होऊन चाकूरला आले, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. आज हे अंतर सांगितलं तर माझी नातवंडं हसतात. पण सातवीतूनच शाळा सुटलेल्या आणि गावच्या स्टेशनापलीकडं कधी न गेलेल्या मुलीला चाकूर म्हणजे परदेशच की! बोलणंसुद्धा वेगळं. मी "काय करून राहिल्या काकू?" म्हटलं की समोरच्या शरणाकाकू तोंडाला पदर लावायच्या, आणि त्या "काय करलालीस गं?" म्हणाल्या की मी लावायची. (फिट्टंफाट.)

सासर मात्र लाखात एक. आल्या आल्या मी चहाच्या कपबश्या फोडल्या, तर सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, म्हणाल्या, "फुटू दे गं. तुझा पाय तर न्हाई ना कापला?" अशी माणसं भेटली की दुसरीला धीर आला असता. मला धडकीच भरली. इतक्या देवमाणसांना आपल्यापायी काही झालं तर?

आणि होण्यासारखं एक होतंच घरात. रेडिओ!

माझे बाबा रेल्वेत गँगमन. त्यांनी मला लग्नात रेडिओ दिला. साधासुधा नव्हे, तीन बँडचा, वर चामड्याची पिशवी. मांडवात नवरदेवापेक्षा त्याच्याभोवती जास्त गर्दी. निघताना सगळे रडत होते, मीही रडत होते, तेवढ्यात बाबांनी कानाशी येऊन सांगितलं, "माय, तेवढं रेडिओचं लायसन पोस्टातून काढून घ्यायला सांग तुझ्या घरच्यांना. इसरू नको."

आताच्या पोरांना खोटं वाटेल, पण तेव्हा बंदुकीसारखं रेडिओलाही सरकारचं लायसन लागायचं. पोस्टात जायचं, पैसे भरायचे, दरसाल पुन्हा भरायचे. पण मला सांगा, नव्या सुनेनं माप ओलांडलं-न्-ओलांडलं तोच "माझ्या माहेरच्या रेडिओचे पैसे भरा" असं म्हणायचं कसं? आज सांगू, उद्या सांगू करता करता रेडिओ रोज गात राहिला आणि मी रोज झुरत राहिले.

अशात एक दिवस हे लातूरहून दुकानाचा माल घेऊन आले आणि जेवता जेवता म्हणाले, "आता जिल्हा झालाय. सगळं कडक होणार. रेडिओ धरणारी जीप फिरणार म्हणे."

माझी तव्यावरची भाकरी तव्यावरच राहिली. "धरणारी म्हंजे?"

"येष्टीत एक जण सांगत होता. जीपवर लांब काठी असती. ज्या घरात बिनलायसनचा रेडिओ, त्या घराकडं काठी आपोआप वळती!"

"आन मंग?"

"मंग काय, रेडिओ जप्त आन घरमालक कोर्टात. आपल्याला काय भेव? तुझ्या बाबांनी लायसन काढूनच दिलं असंल की."

"हाव," मी म्हटलं.

(आमच्याकडचा 'हो', एवढाच शब्द. पण त्या 'हाव'नं मला पुढं जे नाचवलं, ते कुठल्या रेडिओवर कधी लागलं नसेल.)

घरमालक म्हणजे माझे सासरे! सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणारा तो माणूस माझ्या रेडिओपायी कोर्टात उभा राहणार! रात्रभर मी कूस बदलत होते. सकाळी राहवलं नाही म्हणून शरणाकाकूंना सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकू, तुमच्या रेडिओचं लायसन हाय का?"

"लायसन? ते काय असतंय?"

मग मी जीप सांगितली, काठी सांगितली आणि भरीला माझ्या पदरची बेडीही घातली. दुपारपर्यंत शेजारच्या हमीदाचाची आल्या. "ए बहू, मेरे मियाँ को पकडते क्या गे?" संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीतले रेडिओ मुके झाले. आता ते लपवायचे कुठं? दुष्काळात घरोघरी एकच जागा मोकळी होती. पाण्याची भांडी!

माझा रेडिओ रांजणात गेला. शरणाकाकूंचा हंड्यात. हमीदाचाचींनी त्यांचा बिर्याणीच्या डेगीत ठेवून वर झाकण आणि झाकणावर पाटा ठेवला.

आणि खरोखरच जीप आली! भर दुपारची वेळ. घरातले पुरुष दुकानात, आत्याबाई घागर घेऊन आडावर नंबराला. घरात मी एकटी. दाराच्या फटीतून बघते तर जीपवर काठी! चांगली लांबलचक, आणि तिचं टोक थेट आमच्या दाराकडं! (जीप आमच्या दाराकडं तोंड करून थांबली होती, त्यामुळं काठी दुसरीकडं वळणार तरी कुठं? पण हे आत्ता सुचतंय.)

"कोणी आहे का घरात?"

"न्हाई! म्हंजे मी हाय. बाकी काईच न्हाई!"

साहेब लातूरचेच, नवीन. तलाठ्यालाही न सांगता आलेले. रुमालानं मान पुसत म्हणाले, "बाई, जरा तुमची भांडी बघायची होती. रांजण कुठंय?"

रांजण! म्हणजे काठीनं घरच नाही, भांडंसुद्धा दाखवलं!

"रांजणात काय बघता साहेब? पाणीच असतंय त्यात."

"किती आहे?"

"काठोकाठ!"

साहेबांचा रुमाल मानेवरच थांबला. "काठोकाठ? या दिवसांत?"

"हाव ना! झाकण सरकवलं तर सांडंल."

"आणि तो हंडा?"

"भरला हाय."

"ती घागर?"

"ती बी. आता तर काय, ठिवायला जागा न्हाई साहेब!"

साहेब माझ्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "सकाळपासून फिरतोय बाई. जो तो भरलेली भांडी गोठ्यात लपवतो आणि मला रिकामी दाखवून टँकर मागतो. खरं बोलणाऱ्या तुम्हीच पहिल्या भेटलात."

त्यात 'टँकर' हा शब्द स्पष्ट होता. पण माझे कान आणि डोळे दोन्ही काठीकडं. मी आपली मान डोलावली.

साहेब समोर गेले. शरणाकाकूंनी दारातून माझी परीक्षा ऐकलीच होती. साहेबांनी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "आमचं बी काठोकाठ!" पुढं हमीदाचाचींनी तर डेगीवर दोन्ही हात पसरले. "लबालब है साब! हात नक्को लगाव, छलकेगा!" अख्ख्या गल्लीत एकही भांडं रिकामं निघालं नाही. साहेबांनी जाता जाता आम्हाला हात जोडले. असे प्रामाणिक लोक म्हणे जिल्ह्यात नाहीत!

जीप गेली आणि आम्ही बाया हसून हसून लोळलो. कशी जिरवली सरकारची!

दुसऱ्या दिवशी टँकर आला. आम्ही भांडी घेऊन पळालो. टँकर गल्लीच्या तोंडाशी आला आणि तसाच पुढं निघाला. आत्याबाईंनी रस्त्यात उभं राहून तो थांबवला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"तुमच्या गल्लीला टँकर बंद हाय मावशी. साहेबाचा हुकूम. तुमच्याकडं बक्कळ पाणी हाय म्हणं."

"कुणी सांगितलं रे मेल्या?"

"तुम्हीच. घरोघरी."

आत्याबाईंनी वळून पाहिलं. शरणाकाकू माझ्याकडं बघत होत्या. हमीदाचाची माझ्याकडं बघत होत्या. मी टँकरकडं बघत होते. तो चालला होता.

घरी येऊन मी आत्याबाईंच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. बाबांचं कानात बोलणं, माझं 'हाव', काठी, रांजण. म्हटलं, आता माहेरी पाठवायची गाडी बघतील.

आत्याबाईंनी हातातली घागर खाली ठेवली. मग म्हणाल्या, "थांब. मला नीट कळू दे. पाण्याच्या साहेबाला तू रेडिओचा साहेब समजलीस?"

"हाव."

"आन रेडिओ झाकायला पाणी भरलंय म्हणालीस?"

"हाव."

"आन शरणा?"

"त्या बी."

"आन हमीदा बी?"

"त्यांनी तर पाटा ठिवला हुता वर."

आत्याबाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणायला पळाले, आणि घरात पाणी नव्हतं!

ठसका थांबल्यावर त्या उठल्या, पदर खोचला आणि गल्लीतल्या बायांना हाका मारल्या. जीप मोठ्या विहिरीपाशी उभी होती. आम्ही हंडे-घागरी उपड्या धरून तिथं गेलो. (चाचींनी डेगच आणली होती. दोघींनी उचलून.) बघतो तर साहेबांचा माणूस ती काठी विहिरीत सोडून पाणी मोजत होता. त्या काठीसाठी मी जन्मभराचं खोटं बोलून बसले होते!

साहेब म्हणाले, "काल तर सगळं काठोकाठ होतं!"

"काल आत रेडिओ हुते साहेब," आत्याबाई म्हणाल्या. "रेडिओ धरणारी जीप येणार म्हणून लपविले हुते लेकरांनी."

साहेबांना ते समजायला वेळ लागला. समजल्यावर त्यांनी तोंड विहिरीकडं फिरवलं आणि त्यांचे खांदे हलत राहिले. "अहो, रेडिओचं पोस्ट खातं बघतं. माझा काय संबंध?" तरी ते स्वतः गल्लीत आले, रांजणात वाकून बघितलं आणि टँकर पुन्हा सुरू केला.

मला मात्र चैन कुठलं? जीप पाण्याची निघाली, पण लायसन नाही ते नाहीच! मीच सगळ्यांच्या मागं लागले. "आज वाचलो, उद्या न्हाई वाचणार. चला पोस्टात." शेवटी एका सकाळी अख्खी गल्ली आपापले रेडिओ काखेत घेऊन पोस्टात. सगळ्यांत पुढं मी.

पोस्टमास्तरांनी चष्मा लावून शरणाकाकूंचा रेडिओ फिरवून पाहिला. "दोन बँडचा. याला लायसन लागत नाही."

"म्हंजे?"

"एक-दोन बँडच्या रेडिओचं लायसन सरकारनं केव्हाच काढून टाकलंय. रेडिओवरच सांगितलं होतं की!"

सांगितलं असेल. पण बातम्या लागल्या की सेल वाचवायला आमची गल्ली रेडिओ बंद करायची!

चाचींचा रेडिओ, दोन बँड. पलीकडच्यांचा, दोन बँड. त्यांच्या पलीकडच्यांचा, एक बँड आणि तोही बिघडलेला. शेवटी माझा आला. पोस्टमास्तरांनी चामड्याची पिशवी काढली, एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं.

"तीन बँड. याला मात्र लागतं. आणि दंडही बसेल."

अख्खी गल्ली माझ्याकडं वळली. त्या जीपवरच्या काठीला जमलं नव्हतं, ते या बायांना बरोबर जमलं!

"म्हंजे गं," शरणाकाकू म्हणाल्या, "अख्ख्या गल्लीत चोर एकटी तूच?"

सासऱ्यांनी दंड भरला आणि दुकानातून घरी येताना माझ्यासाठी पेढे आणले. "आता मोठ्यानं लाव," एवढंच म्हणाले. मी कोपऱ्यात जाऊन रडले आणि मग रेडिओ इतका मोठ्यानं लावला, की पेढा खात खात त्यांनीच जरा कमी करायला सांगितला.

पुढं काही वर्षांनी सरकारनं सगळ्याच रेडिओंचं लायसन बंद केलं. ती बातमी शरणाकाकूंनी शेवटपर्यंत ऐकली आणि कणकेचे हात तसेच घेऊन धावत आल्या. "सुटलीस गं पोरी! सुटलीस!" आत्याबाईंनी तर देवापुढं साखर ठेवली, जशी मी आजवर जामिनावर होते.

मी तरीही खात्री करायला पोस्टात गेले. पोस्टमास्तर म्हणाले, "हो बाई, आता कुणालाच लायसन लागत नाही. निर्धास्त जा."

मी म्हटलं, "तसं लेखी देता का?"