मायच्या पायांची वेळ

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विहिरीवर मोटर आपोआप सुरू करणारी पेटी बसवली, तेव्हा शिरपूरकडच्या आमच्या गावात ती पहिलीच होती. वीज आली की पेटी थोडा वेळ थांबायची, मग मोटर सुरू करायची. किती थांबायचं, ते आतल्या बटणावर ठरायचं. आबांनी पेटीला कुंकू लावलं, नारळ फोडला, कुलूप घातलं आणि घरात सगळ्यांना बजावलं, कुणी हात लावायचा नाही. पेटी बसवली होती की देव, कळत नव्हतं.

वीज येऊन घरातला पंखा फिरू लागला की आबा मोपेडवर शेत गाठायचे. ते बांधावर पोचले की लगेच पाणी यायचं आणि ते एकेका सरीत वळवत राहायचे.

त्या उन्हाळ्यात आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ऊन, धूळ, मोपेड, सगळं बंद. केळी निसवायला आलेली, म्हणजे घड बाहेर पडायच्या बेतात; आता पाण्याची हयगय झाली असती तर वर्षभराची मेहनत वाया गेली असती. माय म्हणाली, मी जाते. पंखा फिरताच ती पायी निघाली. पोचेपर्यंत पाणी पहिलीच सरी फोडून शेजारच्या शेतात शिरलं होतं. आमची बाकीची केळी कोरडीच.

संध्याकाळी ती आबांच्या खाटेजवळ उभी राहिली. "पेटीमा तुमनी गाडीनी येळ शे. मना पायस्नी लाऊ द्या."

तिला पेटीत आपल्या पायी चालण्याइतका वेळ लावायचा होता.  आबांनी चाचपडत उशाखालून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. "तूच लाव. बिघडनी ते बिघडू दे."

मायने बटण थोडं फिरवलं. तरी मोटरच आधी. अजून थोडं फिरवलं. एकदा मी तिच्यासोबत होते. ती बांधावर आली, पदराने घाम पुसला, फावडं उचललं आणि मोटर धडधडली. मी टाळ्या पिटल्या. ती मात्र लगेच सरीकडे वाकली. अशा बाईची मी मुलगी, म्हणून त्या दिवशी गावभर मिरवले.

डोळा बरा झाल्यावर आबा पुन्हा मोपेडवर जाऊ लागले. बटण मात्र त्यांनी मागे फिरवलं नाही. आधी पोचायचे आणि बांधावर बसून राहायचे. शेजारचे नाना एकदा वैतागून म्हणाले, "भाऊ, येळ कमी करी ल्या ना."

"ती येळ तिनी लायेल शे," आबा म्हणाले. "मी थांबसू."