घोंगडीबाहेरचा हात

मालक लढाईवर गेले तवा पोरगी माज्या पोटात हुती. ती बसाया लागली तरी त्यांनी तिला बघितलं न्हवतं. सासूबाई म्हनल्या, "नातीचा फोटू धाडू. पन सूनबाई, तुजं त्वांड पलटनीत फिरायला नको."

कोपरगावच्या बाजारात एक फोटूवाला पडदा बांधून बसायचा. पोरगी एकटी बसंना, रडून लाल झाली. मग त्यानं मला खुर्चीवर बसवलं, वरून घोंगडी टाकली अन् पोरगी मांडीवर दिली.

सासूबाई वरडल्या, "आरं, हात दिसतोय की हिचा!"

"आजी, हात आत घेतला तर नात पडंल," तो म्हनला. अन् माजं गोंदलेलं मनगट त्यानं आनिक पुढं घ्यायला लावलं. मी कायबी बोलले न्हवते, तरी त्याला कळलं. असा फोटूवाला मी पुन्हा बघितला न्हाई.

मालक सुट्टीवर आले तवा म्हनले, "फोटूतली पोरगी नवी हुती, पन हात वळखला."

मग काय, ज्यांची ज्यांची मानसं पलटनीत हुती, त्या समद्या बाया घोंगडी घिऊन त्या फोटूवाल्याकडं जाया लागल्या.