मावळतीच्या बंगालच्या सिस्टर

"मी पश्चिमेची. पूर्वेला."

कुणी गाव विचारलं की सिस्टर हे असं सांगायच्या. 'पश्चिमेची' म्हणताना थर्मामीटर धरलेला हात डावीकडे जायचा आणि 'पूर्वेला' म्हणताना उजवीकडे. मध्ये आपलं डोकं असेल तर ते आपण वाचवायचं. वर पुन्हा, "त्यातही उत्तरेची" अशी पुरवणी असायची. जलपाईगुडीकडच्या होत्या त्या. पश्चिम बंगालच्या उत्तरेला, भारताच्या पूर्वेला.

चाकणच्या आमच्या कंपनीतल्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. कासारवाडीत राहायच्या, कंपनीच्या बसने यायच्या. मराठी चांगलं बोलायच्या, फक्त त्या मराठीला गोल आकार होता. 'बसा' नव्हे, 'बोशा'. माणसांना त्या खात्याच्या नावानेच हाक मारत. "ए पेंटशॉप, हात दाखव." "डिस्पॅच, गोळी घेतली का?" मी हजेरी-रजा बघणारा, म्हणून मी 'टाइम ऑफिस'. लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा त्यांनी माझ्या बायकोला "मिसेस टाइम ऑफिस" म्हणून शुभेच्छा दिल्या. बायकोला ते नाव फार योग्य वाटलं.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण पुढच्या गोंधळात माझा वाटा मोठा आहे. माझ्यासारखी माणसं तुमच्याही कंपनीत असतील. कुणी 'मराठवाडा म्हणजे विदर्भच ना?' असं म्हटलं की ज्यांचा चहा गार होईपर्यंत व्याख्यान चालतं, त्यांतला मी. मी लातूरचा. एकदा रक्तदाब तपासायला गेलो, तर सिस्टरांनी सहज विचारलं, "मराठवाडा म्हणजे कुणाचा वाडा?" झालं. निजामाचं राज्य कसं होतं, त्याची वाटणी कशी झाली, मराठी मुलूख इकडे कसा आला, माझ्या आत्याचं गाव कर्नाटकात कसं गेलं, आणि हैदराबाद तिसऱ्याच्याच वाट्याला जाऊनही आत्याच्या भागाला पुढे किती वर्षं 'हैदराबाद कर्नाटक' म्हणत होते, हे सगळं मी दंडाला पट्टी बांधलेली असताना सांगितलं. सिस्टरांनी काटा पाहिला आणि म्हणाल्या, "टाइम ऑफिस, आत्याला कर्नाटकातच राहू द्या. नाहीतर तुम्हाला गोळी सुरू करावी लागेल."

त्या वर्षी आमच्या भागात भाड्याच्या खोल्यांमधून चौकशी सुरू होती. बांगलादेशातून आलेले लोक शोधत होते. आमच्याकडचा समीरुल नावाचा वेल्डर सकाळी चहाच्या टपरीवर आपल्या आईशी फोनवर बांगला बोलत होता, तेवढ्यावर त्याला चौकीत नेलं. तो मुर्शिदाबादचा. बायको, दोन मुली तिकडे गावी. पाठवून दिलं तर कुठे पाठवतील याचा त्याला पत्ता नव्हता, कारण तो ज्या देशाचा म्हणत होते तो देश त्याने पाहिलेलाच नव्हता.

मॅनेजरने मला पाठवलं. का, तर मी बोलायला चांगला. हे मत मुख्यतः माझंच होतं. सिस्टरांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या एप्रन काढून गाडीत येऊन बसल्या.

चौकीत एक वयस्कर हवालदार होते. समीरुल बाकावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांत धरून. हवालदारांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "गाव कुठलं म्हनायचं ह्याचं?"

'मुर्शिदाबाद' एवढं म्हणायचं होतं. पण मी घसा साफ केला.

"त्याचं असं आहे साहेब, राज्य पश्चिम बंगाल. नाव पश्चिम असलं तरी तो प्रत्यक्षात येतो पूर्वेला. म्हणजे हा तसा पूर्वेकडच्या बंगालचा माणूस."

हवालदारांचं पेन थांबलं. "पूर्वेकडचा बंगाल म्हंजी तिकडचाच की. आता कंपनीचा सायेबच कबूल करतोय!"

समीरुलला मराठी कळत होतं. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून दिसते. मी पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा सिस्टरांनी माझ्या दंडावर हात ठेवला. इंजेक्शनच्या आधी ठेवतात तसा.

"साहेब," त्या हवालदारांना म्हणाल्या, "तुमचं गाव?"

"आमी मावळातलं."

"मावळ का म्हणतात?"

"मावळतीच्या अंगाला हाय म्हनून मावळ."

"कशाच्या मावळतीला?"

"पुन्याच्या. अजून कशाच्या?"

"आणि मुंबईवाला बघतो तेव्हा?"

"त्याला उगवतीला दिसंल. पन म्हनायचं मावळच."

"तसंच साहेब. एक मोठा बंगाल होता. त्याची वाटणी झाली. मावळतीचा तुकडा इकडे राहिला, तोच आमचा. उगवतीचा गेला, त्याचं नावही नंतर बदललं. आमचं नाव तेवढं राहिलं."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "व्हय की. आमच्या भावकीत वाटनी झाली तवा चुलत्याच्या घराला पल्याडचं घर म्हनायचे. अल्याडचं घर कवाच पडलं. तिथं आता गोदाम हाय. पन चुलता मरंपातूर पल्याडचाच ऱ्हायला." मग समीरुलकडे वळून म्हणाले, "तुज्या पंचायतीचा नंबर हाय का रं?"

फोन लागला. तिकडच्या माणसाला हिंदी धड येत नव्हतं, म्हणून सिस्टर बांगलातून बोलल्या आणि हवालदारांना मराठीत सांगत गेल्या. पंचायतीच्या माणसाने समीरुलच्या आईलाच बोलावून आणलं. फोनच्या स्पीकरवर ती बाई रडायला लागली, त्याचं भाषांतर सिस्टरांनी केलं नाही. हवालदारांनीही मागितलं नाही. ते उठून पाणी आणायला गेले. चौकशी पुरी करून उन्हं उतरायच्या आत त्यांनी समीरुलला आमच्याबरोबर सोडलं.

परतीच्या वाटेवर मी शिव्यांची वाट पाहत होतो. सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या.

"सिस्टर, चुकलंच माझं."

"ते नाही हो." त्या हळू बोलल्या. "माझे वडील बोरिशालचे. उगवतीचे. लहान असताना त्यांना उचलून इकडे आणलं. साहेबांनी मला विचारलं असतं, तुमच्या वडिलांचं गाव कुठलं, तर मी काय सांगितलं असतं?"

त्या दिवशी मी गाडीत चाकण येईपर्यंत गप्प बसलो. समीरुलच्या मते तो एक चमत्कारच होता.

पुढे सिस्टर निवृत्त झाल्या आणि भाच्याकडे, जलपाईगुडीला गेल्या. लग्न केलं नव्हतं, इथे कुणी नव्हतं. सुरुवातीला फोन यायचे. मग त्या आजारी असल्याचं कळलं. गेल्या वर्षी समीरुल सुट्टीवर गेला, तेव्हा घरून आणखी एक रात्रीचा प्रवास करून त्यांना भेटायला गेला.

परत आला तेव्हा आधी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. सिस्टर गेल्या होत्या. तो पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी.

"पहचाना मुझे," तो म्हणाला. "भांजे को बोली, देश से आदमी आया है."

"देश म्हणजे?" मी विचारलं.

"हमारे में साब, जो गाँव पीछे छूट गया, उसको देश बोलते हैं. उनके पिताजी बोरिशाल को बोलते थे. वो चाकण को बोली."

दुसऱ्या दिवशी त्यांना न्यायच्या वेळी समीरुल मागे, फाटकापाशी उभा होता. नात्यातली, शेजारची माणसं पुष्कळ होती. भाच्याने त्याला गर्दीतून हाताला धरून पुढे आणलं आणि लोकांना म्हणाला, बाजूला व्हा, देशाकडून कुणीतरी पाहिजे.

समीरुलने खांदा दिला.